अर्धं माप

एनॉक : मोजून झाल्या?

कॅस्पर : साठाच्या वर आहेत. पुढं मोजल्या नाहीत.

एनॉक : मोज की. दुसरं काम काय आहे? एवढ्या बंदुकीच्या गोळ्या या अख्ख्या कंबरलंड नदीच्या काठाला कुणाकडे नसतील. गोल, गुळगुळीत, साच्याची शेपटी छाटलेल्या. राजाच्या पलटणीलाही अशा मिळत नाहीत. आता हरीण जवळ आलं की एकेक उचलायची आणि फेकून मारायची.

कॅस्पर : काका, सकाळपासून तिसऱ्यांदा झालं हे.

एनॉक : गुडघा सुजलेला माणूस आहे मी. चालता येत नाही, म्हणून बोलतो. तू उठून जात नाहीस, ही तुझी मेहेरबानी.

कॅस्पर : उठून जाऊ कुठं? चार पावलांपुढं दिसत नाही. बर्फ थांबला तर धुकं, धुकं उठलं तर बर्फ. आणि चूक झाली हे मी सासऱ्यांपुढं कबूल केलंय, तुमच्यापुढं केलंय. आता काय झाडापुढं करू?

एनॉक : झाडांना माहीत आहे. माझा भाऊ ओबेड त्या दिवशी जसा ओरडला, ते डोंगर ओलांडून व्हर्जिनियात ऐकू गेलं असेल. तुझ्या बायकोनं चुलीपुढून मान वर केली असेल, आपला बाप कुणावर तापलाय म्हणून. मग मनात म्हणाली असेल, नवऱ्यावरच.

कॅस्पर : केझियाला कशाला मध्ये आणता?

एनॉक : तिचा बाप परवापासून या धुक्यात आहे, म्हणून.

कॅस्पर : ते मला सांगायला हवं का?

एनॉक : नको. मला माझ्यासाठीच म्हणायचं होतं. मोठ्यानं म्हटलं गेलं.

कॅस्पर : शिशाची लगड नदी उतरताना गेली, घोड्यासकट गेली. ती मी नाही बुडवली. गोळ्या संपत आल्या होत्या, बंदुकीची दारू मात्र भरपूर. तुम्हीच सांगा, अशा वेळी माणसाला काय सुचतं?

एनॉक : तुला सुचलं तेच. म्हणून तर ओबेडनं सुरया केल्या तेव्हा चारचौघांना विचारलं नाही. घरी अख्खा पावसाळा शिशाचा पत्रा ठोकत बसला. सुरईत दारू भरली, तोंडाला मेण लावलं. त्याचा हिशेब असा, की आतली दारू आपापल्या गळ्यातल्या शिंगांत ओतून झाली की रिकामी सुरई वितळवायची. तिच्या गोळ्या तिच्याच दारूला पुरतात, एक कमी नाही, एक जास्त नाही. अट एकच. आधी शिंगात जागा व्हायला पाहिजे. तू शिंगं भरलेली असताना सुरई विस्तवावर ठेवलीस.

कॅस्पर : दारू काढून ठेवली होती ना.

एनॉक : कशात?

कॅस्पर : तुम्हाला माहीत आहे.

एनॉक : तुझ्या तोंडून ऐकलं की भूक जरा मरते.

कॅस्पर : कातड्याच्या पिशवीत.

एनॉक : कसली पिशवी होती ती?

कॅस्पर : अस्वलाच्या तेलाची. पण धुतली होती. राख लावून, दोनदा.

एनॉक : अस्वलाचं तेल राखेला भीत नाही, जावईबापू. दारू पाण्यात भिजली तर उन्हात वाळते. तेल प्यायली की वाळत नाही, पेटत नाही, नुसती फुसफुसते, म्हातारीनं शेजारणीबद्दल बोलावं तशी. शेवटची सुरई होती ती. आता ती पिशवी मक्याच्या भाकरीला लावून खायच्या कामाची. तेवढी भाकरी मिळाली असती तर.

कॅस्पर : एल्मची साल उकळलीय. थोडी घ्या.

एनॉक : तू घे. मला सालीचं अजीर्ण झालंय.

कॅस्पर : सासऱ्यांनी जाताना किती दारू नेली?

एनॉक : मला काय माहीत? तिघांच्या शिंगांचे तळ एकत्र केले तेव्हा त्यानं आपल्याकडं पाठ केली होती. देवळातला पाद्री जसा दानपेटी उघडताना करतो. मग वळला, हे शिंगाचं माप काढलं, काठोकाठ एक माप माझ्या शिंगात ओतलं, वर बंदुकीच्या कानात घालायला, पेटवणीची चिमूटभर रंजक दिली, आणि म्हणाला, “एनॉक, हे मांसासाठी. मांसाशिवाय कशालाही हात लावायचा नाही.” मी म्हटलं, अरे लांडगा आला तर? म्हणाला, “लांडग्याला मांस धर.”

कॅस्पर : तुम्हाला जाऊ दिलं नाही, मलाही नाही. एकटेच गेले.

एनॉक : मला गुडघा आहे. आणि तुझ्या हातात त्यानं दारू दिली असती का?

कॅस्पर : नाही.

एनॉक : मग झालं तर. ते एक माप आज संध्याकाळी खर्च होईल. त्या टेकाडावर टर्की रात्रीला झाडावर बसतात, काल पिसं पडलेली पाहिलीस ना? अंधारायच्या आधी मला खांद्यावर टाकून तिथं न्यायचं. मी नेम धरेन. एक टर्की म्हणजे दोन दिवस. तेवढ्यात ओबेड हरीण ओढत येतो.

कॅस्पर : थांबा.

एनॉक : आता काय?

कॅस्पर : ऐकलंत?

एनॉक : हा कान मी बंदुकीला देऊन टाकलाय. या बाजूनं बोल.

कॅस्पर : बार झाला. ओढ्यापलीकडं, वरच्या अंगाला.

एनॉक : बर्फानं फांदी मोडली असेल.

कॅस्पर : फांदी मोडताना करकरते. हे करकरलं नाही. सासरेच आहेत. वाट चुकलेत, हाक मारतायत. कुठंय तुमची बंदूक?

एनॉक : खाली ठेव.

कॅस्पर : काका, वाट चुकलेल्यानं एक बार करायचा, तळावरच्यानं एका बारानं उत्तर द्यायचं. त्यांचाच नियम आहे.

एनॉक : त्याचेच दोन नियम आहेत. पहिला, बार मांसावर करायचा. त्यानं आत्ता हरीण पाडलं असेल, तर आपण आपला शेवटचा बार काय त्याचं अभिनंदन करायला उडवायचा? तो तंगडी खांद्यावर टाकून येईल आणि विचारेल, “टर्की कुठंय?” मी काय सांगू? तुझ्या जावयाला तुझी आठवण आली होती?

कॅस्पर : आणि हरीण नसेल तर?

एनॉक : तर तो पुन्हा बार करेल.

कॅस्पर : तो बार करायला दारू नसली म्हणजे?

एनॉक : गप्प बस जरा. तुझ्या बोलण्यात मला धुकंसुद्धा ऐकू येत नाही.

कॅस्पर : बसलो.

एनॉक : ते पाणी विस्तवावरून काढ. खदखदतंय.

कॅस्पर : काढलं.

एनॉक : इतका वेळ लागतो हरीण फाडायला. तो आतड्यांपासून सुरू करतो. काळीज आधी बाजूला काढतो, कारण ते—

कॅस्पर : तो बघा, पुन्हा बार. आता?

एनॉक : हा ऐकला.

कॅस्पर : आता तरी?

एनॉक : बारीक वाजला.

कॅस्पर : लांब आहेत म्हणून.

एनॉक : लांबचा बार बारीक येतो, पण त्याच्या मागं घुमणं येतं. हा मागं काही न ठेवता गेला. हे अर्धं माप होतं, कॅस्पर.

कॅस्पर : म्हणजे?

एनॉक : म्हणजे हरीण नाही. ओबेडनं उभ्या जन्मात मांसावर अर्धं माप घातलेलं नाही. अर्ध्यानं जनावर मरत नाही, जखमी होऊन पळतं. दारू गेली, गोळी गेली, मांस पळालं आणि त्याचं लेकरू पोरकं झालं, असं चौपदरी नुकसान तो बोटांवर मोजून दाखवायचा. तोच माणूस अर्धं घालतोय. म्हणजे शिंगाचा तळ लागलाय. दोन हाका मारायच्या म्हणून होतं ते एक माप वाटून घातलंय त्यानं.

कॅस्पर : मग तिसरी हाक येणार नाही.

एनॉक : नाही येणार. बंदूक दे. नको, तूच ठास, मला उभं राहता येत नाही. हे घे शिंग.

कॅस्पर : अर्धं टर्कीला ठेवू? आपणही अर्ध्यातच उत्तर दिलं तर—

एनॉक : अर्ध्यानं टर्की एकवेळ मरेल, पण ओबेडला ऐकू जाणार नाही. या धुक्यात आवाज घोंगडीत गुंडाळल्यासारखा होतो. सगळं ओत. शिंग ठोक खालून. अजून ठोक, कडेला दाणे राहतात.

कॅस्पर : झालं. गोळी नको ना? नुसती चिंधी ठासतो.

एनॉक : गोळी घाल. गोळीशिवाय बार पोकळ वाजतो. गोळ्यांची काय ददात आहे आपल्याला? एवढ्यापुरत्या तरी तुझ्या त्या कामी आल्या म्हण.

कॅस्पर : ठासायचा गज पुरता बसला.

एनॉक : रंजक घाल. फुंकर मारू नकोस, उडेल. नळी ओढ्याकडं धर, उंच. आणि उडव.

कॅस्पर : टर्की गेली, काका.

एनॉक : टर्की दूरच होती. उडव म्हटलं ना.

कॅस्पर : दुसऱ्या बाजूचा कान झाका.

एनॉक : झाकलाय.

कॅस्पर : केवढा वाजला! ऐकलं असेल का त्यांनी?

एनॉक : मेलेल्यांनीसुद्धा ऐकला असेल. बंदूक खाली ठेव आणि आता कान लाव. तुझे तरुण आहेत.

कॅस्पर : काही नाही.

एनॉक : लगेच काय असणार?

कॅस्पर : मी ओढ्यापर्यंत जाऊन येतो. हाका मारत जातो.

एनॉक : हाक इथं झाडाच्या दोन रांगांपलीकडं जात नाही. आणि तू चुकलास तर तुला उत्तर कशानं देऊ? पातेलं वाजवू?

कॅस्पर : वाजवा पातेलं. मी ऐकेन.

एनॉक : मग दोघं चुकलेले आणि एक लंगडा पातेलं वाजवतोय. हे केझियाला कोण जाऊन सांगेल? बस खाली. उत्तर देणाऱ्यानं जागा सोडायची नसते. ज्यानं हाक मारली तो चालत येतो.

कॅस्पर : एका उत्तरात कळली असेल दिशा?

एनॉक : ओबेडला कळते. त्याला दिशेचा एक दाणा पुरतो. आम्ही लहान होतो तेव्हा होल्स्टनच्या खोऱ्यात आई जेवायला हाक मारायची, तर मी दहा वेळा विचारायचो, कुठून, कुठून. हा पहिल्या हाकेला ताटावर.

कॅस्पर : पण आपलं ऐकलं, एवढं तरी कळवायला हवं होतं.

एनॉक : कशानं कळवील?

कॅस्पर : दारू संपली असली तरी ओरडून.

एनॉक : ओरडणार नाही. दारू असती तरी वाजवणार नाही. बाकीचे शिकारी बघ, हाकेला ओ, मग ओला ओ, मग त्या ओला पुन्हा ओ. सगळी संध्याकाळ लग्नघरासारखी ठोठो. ओबेड म्हणतो, हाकेला एक ओ. उत्तराला उत्तर नाही. तेवढ्या दारूत एक रानरेडा पडतो.

कॅस्पर : मला माहीत आहे. मलाही ऐकवलंय.

एनॉक : लाकूड घाल. धूर होऊ दे. ओलं घाल, ओलं.

कॅस्पर : घातलं.

एनॉक : अजून घाल.

कॅस्पर : अंधारत आलं, काका. काही वाजत नाही.

एनॉक : सांगितलं ना. नियमाचा माणूस आहे.

कॅस्पर : आणि तसं नसेल तर? पडले असतील, काही झालं असेल तर?

एनॉक : तरी असंच ऐकू येईल.

(दुसऱ्या दिवशी, उजाडल्यावर. धुकं उठलेलं. कॅस्पर ओढ्याकडून चढून येतो; खांद्यावर दोन बंदुका.)

एनॉक : एकटाच आलास.

कॅस्पर : हो.

एनॉक : बस. आधी बस. कुठं?

कॅस्पर : ओढ्याच्या अलीकडं. ते पोकळ सिकामोरचं झाड आहे ना, आपण आल्या आल्या कातडी ठेवली होती त्याच्या पोटात? तिथं बसलेत. पाठ टेकून. मला वाटलं झोपलेत.

एनॉक : तिथून आपला धूर दिसतो.

कॅस्पर : धुकं होतं.

एनॉक : वास तरी येतो.

कॅस्पर : ओढ्याच्या बर्फाला भगदाड पडलंय. छातीपर्यंत बुडाले असणार. विजार लाकडासारखी झालीय. तिथून झाडापर्यंत आले, आणि चकमक काढली होती. बोटं वळली नसतील.

एनॉक : वर काय होतं अंगात?

कॅस्पर : सदरा.

एनॉक : घोंगडीचा कोट?

कॅस्पर : कोट मांडीवर होता. घट्ट गुंडाळी करून. दोन्ही हात वर ठेवलेले.

एनॉक : आत शिंग.

कॅस्पर : तुम्हाला कसं कळलं?

एनॉक : ओढा दिसला की त्याचा कोट उतरतो. शिंगाला गुंडाळून डोक्यावर धरतो आणि मग पाय पाण्यात. आमची आई म्हणायची, याच्या बायकोला मूल झालं तर ते पोर थंडीनं मरेल आणि शिंग वाचेल. केझिया वाचली ती तिच्या नशिबानं.

कॅस्पर : हे बघा शिंग. कोरडं आहे.

एनॉक : दे इकडं.

कॅस्पर : हलवून बघा.

एनॉक : सळसळतंय.

कॅस्पर : मीही बराच वेळ हलवत उभा होतो.

एनॉक : अर्ध्याहून जास्त आहे, कॅस्पर.

कॅस्पर : हो.

एनॉक : मी म्हटलं, तळ लागला.

कॅस्पर : मलाही तेच वाटलं.

एनॉक : तुला वाटायचा प्रश्न नाही. तू जावई. मी सख्खा भाऊ. एका ताटात जेवलो. जनावर मारायला पूर्ण माप लागतं, हाक मारायला अर्ध्यात भागतं, असा त्यानं साधा हिशेब केला, आणि मी इथं बसून त्याला भिकेला लावलं. तो गरीब नव्हता रे. चिक्कू होता. हे मला कळायला नको?

कॅस्पर : त्यांची बंदूकही ठासलेली होती.

एनॉक : पूर्ण?

कॅस्पर : गज घालून पाहिला. पूर्ण माप. रंजकसुद्धा कोरडी. चाप ओढायचा अवकाश होता. एक बार केला असता तर मी धावत गेलो असतो काका, डोळे मिटून गेलो असतो. हाकेच्या अंतरावर होते.

एनॉक : त्याला आपलं उत्तर मिळालं होतं. उत्तराला उत्तर नाही.

कॅस्पर : मी ती सुरई वितळवली नसती, तर ते तळावरून भरल्या शिंगानं निघाले असते. मग एवढं जपलं नसतं.

एनॉक : जपलं असतं. शिंगं भरलेली असली तर तो जास्तच जपतो. रिकाम्या शिंगाला काय जपायचं?

कॅस्पर : हे खरं आहे, की मला बरं वाटावं म्हणून म्हणताय?

एनॉक : मला ते अजून ठरवता आलेलं नाही. घरी पोचेपर्यंत ठरवेन. चालू शकलो तर.

कॅस्पर : पोचू. मी हिशेब केला. दिवसाआड एक बार धरला, तरी डोंगर उतरेपर्यंत दारू पुरते. गोळ्याही पुरतात.

एनॉक : पुरणारच. त्याच्या सुरईच्या गोळ्या त्या. खर्च करायला मात्र आपण दोघं उरलोय. त्याला वर बसून बघवणार नाही.

कॅस्पर : जमीन दगड झालीय. खणता येणार नाही.

एनॉक : खणू नको. त्याला झाडातच राहू दे. तोंडाला ओंडके लाव, मध्ये दगड ठास. लांडगे शिरणार नाहीत. ओली हवाही लागणार नाही.

कॅस्पर : कोट अंगावर घालू त्यांच्या?

एनॉक : घाल. बटणंही लाव. आता शिंग तुझ्या गळ्यात आहे, त्याला कोट काढायचं कारण नाही.

कॅस्पर : माझ्या गळ्यात?

एनॉक : मग कुणाच्या? मला चालता येत नाही. आणि तेलाच्या पिशवीपासून लांब ठेव.

कॅस्पर : ठेवतो.

एनॉक : मला तिथवर ने. ओंडके लावायच्या आधी.

कॅस्पर : खांद्याला धरा. असं. काका, तुमच्याकडं माणूस गेला की बार करतात ना एक? आमच्या जर्मन वस्तीत घंटा वाजवतात.

एनॉक : करतात.

कॅस्पर : करू का?

एनॉक : मांसाशिवाय बार करायचा नाही असं तो सांगून गेलाय.

कॅस्पर : म्हणूनच विचारलं.

एनॉक : कर. अर्धं माप घाल.

कॅस्पर : त्यांच्यासाठीही अर्धंच?

एनॉक : पूर्ण घातलंस तर उठून बसेल आणि विचारेल, कोण उधळतंय माझी दारू.

कॅस्पर : मग पूर्णच घालतो, काका.